क्लीव्हनचा प्रश्न

गावातल्या कुणाला शाळेत आणायचं असलं की मिस व्हर्नेल आधी त्याच्या स्वयंपाकघरात शिरायची. दार वाजवायची नाही. मागच्या जाळीच्या दारातून हाक मारायची, "मेलात का सगळे? मग ओ का देत नाही?" खुर्ची ओढून बसायची, समोर असेल ते खायची आणि उठताना बजावायची, "गुरुवारी संध्याकाळी, शाळेच्या सभेला. मासा आहे, स्पॅगेटी आहे. आला नाहीस तर रविवारी चर्चमध्ये तुझ्या आईला सगळ्यांदेखत विचारीन, पोरगा कुठं तोंड लपवून बसलाय म्हणून."

हार्पर्स बेंड गावची शाळा वॉशिंग्टनहून, केंद्र सरकारकडून येणाऱ्या पैशांवर तगून होती. गरीब वस्तीतल्या शाळांना तो पैसा मिळतो. त्याच्याबरोबर अटीही येतात. वर्षातून एकदा पालकांना बोलवायचं आणि त्यांचे हक्क त्यांना सांगायचे. आपल्या मुलाला कोण शिकवतं, त्या माणसाकडे शिकवण्याचं लायसन्स आहे का, हे विचारायचा हक्क. वर्गात बसून पाहायचा हक्क. पैसा कशावर खर्च व्हावा, यावर बोलायचा हक्क. हे सगळं लोकांना सांगायला शाळेनं व्हर्नेल टॉलिव्हरला नोकरीवर ठेवलं होतं.

त्याआधी ती कॅटफिशच्या कारखान्यात होती. गार पाण्यात उभं राहून मासे कापायचे. पुढे ती लाइनवरच्या बायकापुरुषांची मुकादम झाली. बोटांवरच्या पांढऱ्या रेघा तेव्हाच्या. शाळेत पगार कमी होता, तरी तिनं ते काम घेतलं. कारण विचारलं तर ती आईची गोष्ट सांगायची. व्हर्नेलच्या धाकट्या भावाला मंद मुलांच्या वर्गात टाकलं तेव्हा आई शाळेत विचारायला गेली होती. ऑफिसबाहेरच्या बाकावर तिला बसवून ठेवलं. शाळा सुटली, ऑफिसला कुलूप लागलं, तरी कुणी आत बोलावलं नाही. घरी येऊन आईनं भांडी घासली. ती आधीच घासलेली होती.

"माझ्या शाळेत कुणी बाकावर बसणार नाही," व्हर्नेल म्हणायची. माझी शाळा म्हणायची.

पहिल्या वर्षी सभेला मूठभर बाया आल्या. मग तिनं जेवण ठेवलं. मग पुरुषही येऊ लागले, आधी ताटासाठी, नंतर बोलण्यासाठी. फक्त एक जण काही केल्या आत येईना. क्लीव्हन बँक्स. कारखान्यात तो तिच्याच हाताखाली शिकला होता. बायको मेम्फिसला निघून गेलेली. मुलगी किमोरा त्याच्याजवळ. रोज तिला न्यायला यायचा तो ट्रकमध्येच बसून राहायचा.

व्हर्नेल ट्रकच्या खिडकीत हात टेकून उभी राहायची. "उतरलास तर पाय झिजतील का रे तुझे?"

"तसं नाही, मिस व्हर्नेल. शाळेत पाऊल टाकलं की मला अजून वाटतं, मी काहीतरी केलंय आणि कुणीतरी मला शोधतंय."

"म्हणून तर ये. या खेपेला तू त्यांना शोध. मनात येईल ते विचार. हक्क आहे तुझा. आणि मी आहे ना तिथे!"

मी आहे ना तिथे. हे तिनं त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं.

त्या वर्षी शाळा उघडायच्या तोंडावर तिसरीच्या बाई जॅक्सन शहरात निघून गेल्या. तिकडे पगार बरा. आमच्या भागात, मिसिसिपीच्या या सपाट चिखलात, बाहेरून शिकवायला कुणी येत नाही. हेडमास्तर प्रुएटनी वर्ग शरेलला दिला. शरेल व्हर्नेलची मुलगी. कॉलेज झालेलं, पण लायसन्सच्या परीक्षेत अडकलेली. पोरांचा तिच्यावर जीव. ती त्यांच्या वेण्या घालून द्यायची, गाणी म्हणायची, कुणाच्या घरी काय चाललंय ते तिला ठाऊक असायचं. पण एके दिवशी गाडीत ती आईला म्हणाली, "मॉमा, निम्म्या पोरांना वाचता येत नाही. आणि मला कळतच नाही, कुठून धरायचं."

"जमेल गं. तू आधी पास हो."

लायसन्स नसलेला शिक्षक चार आठवडे वर्गावर राहिला तर पालकांना शाळेनं आपणहून कळवायचं, असा नियम आहे. ते कळवायचं काम व्हर्नेलचंच. ती प्रुएटकडे गेली.

"नाताळपर्यंत थांबू," ते म्हणाले. "तोवर पोरगी पास होईल. उगाच लोकांना कशाला घाबरवायचं? आणि शेवटी तुझीच मुलगी आहे ती."

व्हर्नेल म्हणाली, "बरं."

सभेच्या गुरुवारी शाळेचं जेवणघर भरलं होतं. शरेल वाढायला उभी होती. आणि क्लीव्हन आला. इस्त्रीचा शर्ट, टोपी हातात. भिंतीजवळची खुर्ची धरून बसला. व्हर्नेलनं त्याला पाहिलं आणि तिला इतका आनंद झाला की बोलताना तिचा आवाज चढला. तिनं हक्क सांगितले. ते ती फार सुंदर सांगायची, चर्चमध्ये देवाची साक्ष देतात तसे. आणि विचारलं, "काही विचारायचंय का कुणाला?"

एरवी कुणीतरी बसबद्दल विचारायचं. कुणी गणवेशाबद्दल.

क्लीव्हन उठला. "मिस व्हर्नेल, तुम्हीच म्हणालात म्हणून विचारतो. माझी किमोरा तिसरीत आहे. वाचायला बसली की पहिलं अक्षर बघते आणि बाकीचं अंदाजानं ठोकते. यंदा त्यांची ती वाचनाची परीक्षा आहे. नापास झालं की पुन्हा तिसरीत बसवतात म्हणे. तर मला विचारायचं होतं, तिच्या टीचरकडे लायसन्स आहे का?"

शरेलच्या हातातला डाव थांबला. प्रुएट फोनमध्ये पाहू लागले.

एक शब्द पुरला असता. नाही. एवढाच.

"क्लीव्हन," व्हर्नेल हसत म्हणाली, "तू पहिल्या दिवशी लाइनवर आलास तेव्हा सुरी उलटी धरली होतीस. आठवतंय? धारेच्या बाजूनं! तुला तेव्हा कुणी लायसन्स विचारलं होतं का रे?"

जेवणघर खदखदून हसलं. कारखान्यातली माणसं तर टेबलं बडवून हसली. कुणीतरी ओरडलं, "अजून तशीच धरतो तो!"

क्लीव्हनही हसला. मान हलवत खाली बसला. थोड्या वेळानं व्हर्नेलनं पाहिलं तर खुर्ची रिकामी होती. ताट न घेताच तो गेला होता.

गाडीत शरेल म्हणाली, "थँक यू, मॉमा."



नाताळ आला आणि गेला. शरेल पास झाली नाही. पालकांना कुणी काही कळवलं नाही. वसंतात परीक्षा झाली. किमोरा नापास झाली. पुन्हा परीक्षेला बसवलं, पुन्हा नापास झाली. आणखीही काही मुलं होती. पण व्हर्नेलला त्यांची नावं आठवायच्या आधी किमोराचं आठवायचं.

उन्हाळा सरत आला तेव्हा ती क्लीव्हनकडे गेली. या वेळी तिनं दार वाजवलं.

"या, मिस व्हर्नेल. आज जाळीतून हाक नाही मारलीत?" त्यानं तिला पंख्यासमोरची खुर्ची दिली. गोड चहा दिला. घर फार नीटनेटकं होतं. मूल असलेलं घर एवढं नीटनेटकं नसतं.

"किमोरा कुठाय?"

"ग्रीनव्हिलला. माझ्या बहिणीकडे. लोरेटा तिकडे शाळेत शिकवते, तिच्याकडे लायसन्स आहे." तो टोमणा नव्हता. तो नुसतं सांगत होता. "आता तिकडेच राहील. रविवारी जातो मी."

"क्लीव्हन, तू विचारलंस तेव्हा शरेलकडे लायसन्स नव्हतं. मला माहीत होतं."

त्यानं तिच्या ग्लासात बर्फाचे आणखी दोन खडे टाकले.

"लोरेटा तेव्हाच म्हणत होती," मग तो म्हणाला. "शनिवार-रविवार पोरीला माझ्याकडे सोड, मी तिच्याकडून वाचून घेते. मी म्हटलं, कशाला? मी शाळेत विचारून आलोय. मिस व्हर्नेल नुसती हसली. काळजीचं असतं तर ती हसली नसती."

व्हर्नेलच्या हातातला ग्लास तसाच राहिला.

"मी सुरी उलटी धरली तेव्हा बोट माझं कापलं होतं, मिस व्हर्नेल. ते माझं मला. चहा घ्या, बर्फ वितळतोय."

तो तिच्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो तिला गाडीपर्यंत सोडायला आला. दार उघडून धरलं.

सभेचा गुरुवार पुन्हा आला. तिसरीवर अजून शरेलच होती. आदल्या दिवशी भाजी निवडताना व्हर्नेल तिला म्हणाली, "उद्या मी सांगणार आहे."

"सगळ्यांसमोर?"

"मी त्याला हसले तेही सगळ्यांसमोरच."

"मॉमा, मी पोरांसाठी मरमर मरते. तुला माहितीय."

"माहितीय, बेबी."

"मग मी येऊ की नको?"

"ते तू ठरव."

शरेल आली. डाव घेऊन नेहमीच्या जागी उभी राहिली. प्रुएट पुढच्या रांगेत होते. व्हर्नेलनं हक्क सांगितले. यंदा आवाज चढला नाही. मग विचारलं, "काही विचारायचंय का?"

कुणी हात वर केला नाही. बसबद्दलही नाही. ती थांबली. काटे ताटांवर वाजत राहिले. तिनं पुन्हा विचारलं. एका बाईनं पोराला मांडीवर ओढलं आणि खाली पाहिलं. तेव्हा व्हर्नेलला कळलं की गेल्या वर्षी ते सगळे नुसते हसले नव्हते. शिकलेही होते.

"गेल्या वर्षी क्लीव्हन बँक्सनं एक प्रश्न विचारला होता," ती म्हणाली. "त्याचं उत्तर 'नाही' असं होतं. मला ते माहीत होतं. हे मी तुम्हा सगळ्यांना आपणहून सांगायला हवं होतं. मी त्याची टिंगल केली आणि तुम्हाला हसवलं. त्याची मुलगी आता इथं नाही."

प्रुएट खुर्चीत चुळबुळले. "मिस टॉलिव्हर, हे आपण नंतर—"

"नंतरच आहे हे. वर्ष उलटलं," ती म्हणाली.

मागच्या टेबलावरून मिस अर्लीथाचा आवाज आला. तिची नात यंदा तिसरीत. "आणि यंदा? आता जी टीचर आहे, तिच्याकडे?"

सगळ्यांना माहीत होतं यंदा कोण आहे. ती तिथंच उभी होती. तरी मिस अर्लीथानं विचारलं आणि व्हर्नेलकडे पाहत राहिली.

"नाही," व्हर्नेल म्हणाली. "तिच्याकडे अजून नाही. माझी मुलगी आहे ती."

कुणी हसलं नाही. शरेलनं डाव पातेल्यात घातला. रांगेत पुढे असलेल्या माणसानं ताट पुढे केलं. तिनं वाढलं. तो तिच्याकडे न बघता 'थँक यू' म्हणाला. मग पुढच्यानं ताट पुढे केलं.