बदकाची चोच

परवा लातूरच्या एका काष्ठौषधीच्या दुकानात ज्येष्ठमधाचा वास आला आणि नांदेडमधली एक खोली आठवली. भिंतींना गोधड्या टांगलेल्या त्या खोलीत एरवी भजनांच्या कॅसेटी भरत. त्या दुपारी कार्टूनमधल्या बदकाला मराठी आवाज द्यायचा होता. लग्नांत आणि उरुसांत नकला करणारे सलीमभाई गालात ज्येष्ठमध धरून माइकसमोर उभे होते. चाचणी जमली तर पूर्ण मालिका त्यांची होती. मी बातमीसाठी गेलो होतो.

संवाद पुण्याहून आलेल्या दिग्दर्शकाने लिहिले होते. "मी येणार नाही," सलीमभाई म्हणाले. वाक्य संपले, तरी पडद्यावर बदकाची चोच हलतच होती. दुसऱ्यांदाही तेच झाले.

"जरा सावकाश म्हणा," दिग्दर्शक वैतागला.

"सावकाश म्हणलं तर बदक बिमार वाटायलंय, साहेब. माझ्या हिशोबानं बोलू का?"

"एकदाच. नाहीतर दुसरा माणूस बघतो."

चित्र पुन्हा सुरू झाले. "न्हाई येत जा! लई झाली तुमची दादागिरी!" शेवटच्या अक्षरावर चोच बरोबर मिटली.

टेप थांबवून ध्वनिमुद्रक म्हणाला, "पुन्हा घ्यावं लागतंय. साहेब, तुमचं हसू भरलंय यात."

दिग्दर्शकाने तोंडावर रुमाल धरला. "घ्या पुन्हा. पण असंच."

तेव्हा मला ती फक्त एक पार पडलेली चाचणी वाटली होती. सलीमभाई आता सत्तरीत आहेत, आणि बदक अजून त्यांच्याच आवाजात भांडते.