प्लेटवरचा मोकळा ठिपका

"सेक्शन बंद करा. आत्ताच्या आत्ता!" देशमुख सर फोनवर ओरडत होते. मी त्यांच्या टेबलासमोर काचेची एक बशी घेऊन उभी होते. तिला आम्ही प्लेट म्हणायचो.

देशमुख सर क्वालिटीचे हेड. मी मायक्रोबायॉलॉजी लॅबची मॅनेजर. कंपनी वाळूजची, औषधांची. एका इमारतीत पेनिसिलिनच्या कॅप्सूल बनायच्या, दुसरीत तापाच्या साध्या गोळ्या. पेनिसिलिनची धूळ त्या गोळ्यांत गेली आणि पेनिसिलिन न सोसणाऱ्या माणसानं ती गोळी घेतली, तर जीव जाऊ शकतो. म्हणून दर आठवड्याला गोळ्यांच्या सेक्शनमधली यंत्रं आणि भिंती ओल्या कापसाच्या काडीनं, म्हणजे स्वॅबनं, पुसायच्या आणि ती काडी प्लेटवर टेकवायची. प्लेटमधल्या जेलीत मायक्रोकॉकस नावाचे निरुपद्रवी जिवाणू पेरलेले असतात. दुसऱ्या दिवशी त्यांचा पिवळा थर सलग आला की सगळं ठीक. मधे मोकळा ठिपका दिसला, तर तिथं जिवाणू मेले.

त्या सकाळी ठिपका दिसला होता.

"किती वेळात सांगता?" सरांनी फोन ठेवत विचारलं.

"दोन दिवस तरी लागतील, सर."

"दोन दिवस सगळी माणसं बसवून ठेवू?"

"पेनिसिलिन असलं तर?"

सरांनी मला जायची खूण केली.

लॅबमध्ये येऊन मी प्लेट उजेडात धरली. काडी टेकवली होती मधोमध. ठिपका होता कडेला, लांबट, बोटाच्या टोकाएवढा. पेनिसिलिन असतं तर काडीभोवती गोल रिंगण आलं असतं. पण नुसत्या आकारावरून रिपोर्ट लिहिता येत नाही. ठिपक्याखालच्या जेलीचे तुकडे कापून मी दोन नव्या प्लेटवर ठेवले. दुसऱ्या प्लेटमध्ये पेनिसिलिनेज घातलं. ते पेनिसिलिनला निकामी करतं. म्हणजे पेनिसिलिन असेल तर दुसऱ्या प्लेटवर ठिपका येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे ठिपके आले. पेनिसिलिन नव्हतं. मग काय होतं?

ती प्लेट लावली होती सलीमभाईंनी. सलीम शेख, राहणार दौलताबाद, लॅबमधले सगळ्यात जुने ॲनालिस्ट. हात इतका स्थिर की नव्या पोरींना मी त्यांच्या शेजारी उभं करायची. मी त्यांना विचारलं, "त्या दिवशी काही वेगळं झालं होतं का? शिंक, खोकला?"

"नाय मॅडम. रोजच्यासारखंच."

ते माझ्याकडे न बघता बोलले. मला कॉलेजात शिकलेलं आठवलं. जिवाणूभोवती भिंत असते, बाजेच्या विणीसारखी घट्ट. पेनिसिलिन नवी वीण घालू देत नाही, म्हणून ते वाढत्या जिवाणूंनाच मारतं. पण आपल्या थुंकीत, नाकाच्या पाण्यात, डोळ्यांतल्या पाण्यात लायसोझाइम नावाचं एक एन्झाइम असतं. ते तयार विणीचेच धागे कापतं. भिंत ढिली पडली की बाहेरचं पाणी आत घुसतं आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना तसली भिंतच नाही, म्हणून आपल्याला त्याचा त्रास नाही.

मी कॅन्टीनमध्ये जाऊन कांदा मागितला. आचारी म्हणाला, "मॅडम, भाजी वाढू का?" मी तिथंच कांदा चिरला आणि डोळ्यांतलं पाणी छोट्या नळीत धरलं. मग जिवाणू मिसळलेलं दुधाळ पाणी तीन टेस्ट ट्यूबमध्ये घेतलं. एकीत पेनिसिलिन, दुसरीत माझे अश्रू, तिसरीत ठिपक्याखालची जेली. सलीमभाईंना बोलावून म्हटलं, "बसा. बघा."

अश्रूंची ट्यूब काही मिनिटांत निवळली. पलीकडचं घड्याळ त्यातून दिसायला लागलं. पेनिसिलिनची तशीच गढूळ राहिली. जेलीची तासाभरात हळूहळू निवळली, म्हणजे तिच्यातही लायसोझाइम होतं.

सलीमभाईंनी चष्मा काढला. "मेरेसेच हुआ, मॅडम," ते म्हणाले. "डोळे पुसले. ग्लोव्ह बदलायचं भान राह्यलं नाय. तोच हात प्लेटला लागला."

"काय झालं होतं?"

"कुछ नाय. डबा रोज अम्मीच भरायची. त्या दिवशी बायकोनं भरला. झाकण उलट्या बाजूनं लावलेलं होतं. बस, तेवढंच."

प्लेट लावली त्या दिवशी त्यांची आई जाऊन चारच दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी जियारत, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, झाली, आणि त्याच संध्याकाळी मी त्यांच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन करून निरोप दिला होता, की स्वॅब अडलेत, उद्यापासून या. त्यांनी दहा दिवस मागितले होते. मी तीन दिले होते. हे सगळं मला त्या क्षणी आठवलं, आणि त्यांनी त्यातला एक शब्दही काढला नाही.

सरांना निकाल सांगितला. पुन्हा घेतलेले स्वॅब स्वच्छ आले आणि सेक्शन सुरू झालं. सर खूश होते. म्हणाले, "आता रिपोर्टमध्ये कारण लिहा, ॲनालिस्टची चूक. त्यांना मेमो द्या, संपला विषय."

"ग्लोव्ह बदलले नाहीत, ते लिहिते. पण कारण ते नाही, सर."

"मग काय?"

"माणूस कामाच्या स्थितीत नसताना त्याला बोलावलं. बोलावलं मी."

सरांनी आवाज खाली आणला. "बाई, प्रमोशनची यादी पुढच्या महिन्यात आहे. कळतंय ना?"

"कळतंय."

मेमो मला आला. यादीत माझं नाव नव्हतं. सलीमभाईंना उरलेली रजा मिळाली. परत आल्यावर ते आधी माझ्या केबिनमध्ये आले, पण आम्ही दोघंही त्या प्लेटबद्दल बोललो नाही. त्यांनी पुढच्या स्वॅबचं वेळापत्रक मागितलं, मी दिलं.

कंपनीनं लॅबच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: "आज काम करण्यास आपण सक्षम आहात काय?" मी रिटायर होईपर्यंत त्यात कोणी "नाही" लिहिलेलं मी पाहिलं नाही. म्हणून मी दुसरी एक सवय लावून घेतली. रोज सकाळी माणसं मास्क चढवायच्या आधी मी लॅबच्या दाराशी उभी राहायची आणि एकेकाचा चेहरा बघायची. फॉर्मपेक्षा त्यातून जास्त कळायचं.