शून्यसाहेबांचं शुद्ध पाणी

शहराच्या पाणी प्रयोगशाळेत त्यांना सगळे शून्यसाहेब म्हणत. कारण नळाच्या पाण्यात शिसं किती, या प्रश्नाला त्यांचं उत्तर कायम शून्य. हाताखालची रसायनतज्ज्ञ बाई शंका काढायला गेली, की ते चष्म्यावरून बघत. तेवढ्यावर शास्त्राचा विजय होई.

पद्धत अगदी साधी. प्रयोगशाळेतच पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून डिस्टिल्ड पाणी बनवायचं. यंत्रात आधी ते घालायचं. यंत्राने काही आकडा दाखवलाच, तर ती यंत्राची खोड समजायची आणि बटण दाबून तिथेच शून्य धरायचं. मग नळाचं पाणी. ते कधीकधी उणे यायचं, म्हणजे शुद्धाहूनही शुद्ध! दुसऱ्या कुणाला घाम फुटला असता. साहेबांची छाती फुगायची.

घरात मात्र त्यांच्या शब्दाला काडीची किंमत नव्हती. अपवाद लेकीचा. तिला दिवस गेल्यापासून साहेब प्रयोगशाळेतलं डिस्टिल्ड पाणी कॅन भरभरून तिच्या घरी पोचवत होते. "नळाचं कशाला पितेस? माझा नातू काय वाऱ्यावर पडलाय?" शहराला नळाचं पाणी निर्धोक म्हणून सही ठोकणारे हेच बरं का.

मग नवं यंत्र आलं. ते बसवायला आलेल्या इंजिनिअरने स्वतःच्या शुद्ध पाण्याची सीलबंद बाटली फोडली आणि तिच्यावर शून्य लावलं. नळाच्या पाण्यात शिसं नावापुरतं निघालं. साहेबांच्या डिस्टिल्ड पाण्याने मात्र आकडा पार वर नेला.

"बाटली खराब असेल तुमची," साहेब म्हणाले. दुसरी बाटली फोडली. आकडा हलला नाही.

"हे पाणी बनवता कशात?" इंजिनिअरने विचारलं. बाईने कोपऱ्यातल्या भांड्याकडे बोट केलं. त्याची वाफ थंड करणारी नळी गळायची. नवी मागवायला कोण खेटे घालणार, म्हणून साहेबांनी प्लंबरला बोलावून, स्वतः शेजारी उभं राहून ती शिशाने सांधून घेतली होती. वर पाठही थोपटून घेतली होती, स्वतःचीच.

म्हणजे अख्ख्या शहरात शिशाचं पाणी एकाच घरात जात होतं, आणि तेही साहेबांच्या हातून.

त्यांनी बाहेर व्हरांड्यात येऊन लेकीला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, पोरीने आपलं ऐकलेलं नसू दे. ओतलं असेल कुंडीत, घातलं असेल इस्त्रीत.

"ते पाणी... पितेस ना गं तू?"

"म्हणजे काय बाबा! बेचव लागतं, पण एक थेंब वाया घालवत नाही. हे म्हणतात, बाबा एवढं उचलून आणतात."

साहेब व्हरांड्याच्या पायऱ्या उतरू लागले.

"आता पिऊ नकोस," ते म्हणाले. "मी येतोय. लगेच डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घेऊ."

"का? काय झालं?"

"त्यात शिसं आहे. चूक माझी आहे, पोरी."

पलीकडून आधी कॅन मोरीत उपडा केल्याचा आणि मग नळ सोडल्याचा आवाज आला.