मागे, अजून मागे

शेजारचे काका कापडाच्या लूमवर कामाला होते आणि रविवारी उधन्याच्या मैदानावर आमच्यात क्रिकेट खेळायचे. बाउंड्रीवर उभे राहून ते चेंडूला "ये बाई, ये" म्हणत पुढे धावायचे आणि चेंडू डोक्यावरून मागे जायचा.

मी शिकवलं, "काका, आधी मागे सरका."

"बरं भाऊ."

एकदा पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंगवाल्यांच्या संघाला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. चेंडू उंच उडाला. काका मागे सरकत सरकत बाउंड्रीपलीकडच्या लग्नाच्या पंगतीत जाऊन बसले आणि बसल्या बसल्या त्यांनी झेल घेतला. आम्ही नाचायला लागलो.

काकांनीच दोन्ही हात वर केले आणि ते आपल्या गावच्या बोलीत ओरडले, "सिक्स शे भाऊ! मी लाइनबाहेर शे."

आम्ही हरलो. त्यांना आणायला गेलो, तर वाढप्याने त्यांच्यापुढे पत्रावळ मांडलेली.

"पण धरला ना?" काका म्हणाले आणि त्यांनी आणखी एक जिलेबी मागितली.