बारा नंबरातली पन्नाशी

रेन्स्के तर्पस्त्राचं हसू आधी येतं आणि रेन्स्के मागून येते. हे मी तिला तोंडावर सांगतो, आणि त्यावरही ती हसतेच. नगरपालिकेची रस्ते झाडायची गाडी चालवते ती, पुढे दोन गोल ब्रश गरगर फिरतात तसली. हॉलंडमधल्या आमच्या डेव्हेंटर गावाच्या निम्म्या गल्ल्या तिच्या हाताखालून जातात, त्यांत आमचा एल्झनहोफ चौकही आला. शरद ऋतूत पानांचा खच पडतो तेव्हा तर तिची गाडी आमच्या चौकात येते आणि बराच वेळ हलत नाही. पानं संपली तरी हलत नाही. बाई इंजिन बंद करून बसते आणि घरांकडे बघत राहते, मिठाईच्या दुकानापुढे पोर उभं राहावं तशी.

तसं बघण्यासारखं काय आहे म्हणा आमच्यात. हिरवळीभोवती विटांची चौदा घरं, मधे झोपाळा आणि वाळूचा हौद, मागे सायकलींच्या खोल्या. शाळा इतकी जवळ की घंटा झाल्यावर निघालं तरी पोर वर्गात पोचतं. आणि शांतता. शांततेचा आम्हाला फार अभिमान. आमच्याकडची कुत्रीसुद्धा भुंकायच्या आधी इकडेतिकडे बघून घेतात.

रेन्स्के राहायची स्टेशनमागे, बटाटे तळणाऱ्या दुकानाच्या वर, नवरा वुब्बो आणि दोन मुली यांच्यासह. खोल्या दोनच, त्याही तळणाच्या वासाने भरलेल्या. मुलींचे केस कितीही धुतले तरी वास जाईना, आणि वर्गातल्या पोरांनी धाकट्या मारिटचं नाव ‘क्रोकेट’, म्हणजे तळलेला वडा, ठेवलं होतं. घरासाठी नाव नोंदवून कैक वर्षं झाली होती. त्यामुळे आमचा बारा नंबर रिकामा झाला आणि बोलावणं तिला आलं, तेव्हा तिने ते वुब्बोला तीनदा वाचून दाखवलं म्हणे.

पण बोलावणं आलं म्हणजे घर मिळालं असं नाही. आमच्याकडची रीत वेगळी आहे. गृहसंस्था कुटुंबं पाठवते, आम्ही राहणारी मंडळी त्यांना घर दाखवतो, कॉफी पाजतो, आणि ते गेल्यावर कुणाला आत घ्यायचं ते ठरवतो. वधूपरीक्षाच म्हणा ना. आदल्या दिवशी प्रॉन्क नावाचं जोडपं येऊन गेलं होतं. इतकं हळू बोलत होते की प्रश्न विचारतायत की नुसता श्वास घेतायत ते कळू नये. अकरा नंबरचा सीब्रेन त्यांच्यावर लट्टू झाला होता. त्याची भिंत बारा नंबरला लागून. वर हा माणूस दुपारी झोपतो आणि झोपेतही ऐकतो.

“लांबर्ट, मी सांगतो तुला,” तो मला म्हणाला, “ती झाडूवाली आली तर माझ्या भिंतीवरचं घड्याळ खाली पडेल.”

“मग आधीच काढून ठेव,” मी म्हटलं.

आता गेर्दीन हावरकाटेबद्दल सांगतो. ती आमच्या चौकाची अध्यक्ष. वाचनालयात काम करते, त्यामुळे ‘शू’ म्हणण्याचा हक्क तिला पगारासकट मिळालाय. एकटी राहते, नीटनेटकी, आणि गेली तीन-चार वर्षं शेहेचाळीस वर्षांची आहे. आम्ही कुणी हिशेब काढत नाही. निदान तिच्यासमोर नाही.

रेन्स्के यायची होती त्या दिवशी सकाळी मी खिडकीपाशी बसलो होतो. माझ्या खिडकीबाहेर एक छोटा आरसा लावलाय, त्यात अख्खा चौक दिसतो. आरसा हवामान बघायला आहे. तर उजाडता उजाडता त्यात दिसलं की चार बायका तोंड दाबत गेर्दीनच्या फाटकातून बाहेर पडतायत. वाचनालयातल्याच, मी ओळखल्या. त्या गेल्या, आणि बागेत खुर्चीवर बसलेली दिसली सारा.

बाईने पन्नाशी गाठली की आमच्याकडे म्हणतात, तिने सारा पाहिली. पुरुष असेल तर अब्राहाम. मग त्या दिवशी दारापुढे माणसाएवढी सारा बसवायची, पेंढा भरलेली, जुनेपाने कपडे घातलेली, छातीवर भलामोठा पन्नासचा आकडा. रस्त्याने जाणाऱ्या पाववाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना कळलं पाहिजे. यातून सुटका नाही. माझा अब्राहाम तर दोन दिवस पावसात भिजत बसला होता.

थोड्या वेळाने गेर्दीनने पडदे... पडदे कुठले, आमच्याकडे पडदे ओढतच नाही कुणी, ओढले तर लोक विचारतात की आत असं काय चाललंय. तर गेर्दीन खिडकीशी आली, तिने बाहेर बघितलं आणि पुढच्या क्षणी झगा आवरत बागेत. साराची तंगडी धरली आणि फरफटत ओढू लागली. पण न्यायची कुठे? घरात ठेवावी तर रस्त्यावरून घराच्या आरपार मागची बागसुद्धा दिसते, आणि पाहुण्यांची कॉफी तिच्याकडेच होती. मग तिला आठवलं की अध्यक्ष या नात्याने बारा नंबरची किल्ली आपल्यापाशी आहे, आणि रिकाम्या घरात एकच खिडकी धुरकट काचेची असते. ती बाथरूमची.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि मी कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नाही. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

रेन्स्केचं कुटुंब आलं ते सणाचे कपडे घालून. मुलींचे केस अजून ओले होते. रेन्स्केने ओठ असे मिटले होते की जणू आत मधमाशी आहे. वुब्बोने तिला वाटेत शपथ घातली असावी, कारण सीब्रेन दारातच पाय अडखळून माझ्या अंगावर आला तरी ती हसली नाही. फक्त लाल झाली.

बारा नंबर अगदी उघडाबोडका होता. आधीचे भाडेकरू रीतीप्रमाणे सगळं घेऊन गेले होते, पडदे, दिवे, पायाखालची लाकडी जमीनसुद्धा. खाली नुसतं सिमेंट. शिंक आली तरी तीनदा ऐकू येईल असं घर. रेन्स्के खोल्याखोल्यांतून चवड्यांवर चालत होती. “इथे जेवायचं टेबल,” ती वुब्बोच्या कानात म्हणाली. “आणि बघ, इथून झोपाळा दिसतो. स्वयंपाक करता करता दिसतो रे.” आणि ती त्या खिडकीपासून हलेना. वाटलं, लांबर्ट, या बाईला हे घर मिळालं नाही तर उद्यापासून पानांकडे बघवणार नाही तुला.

“वर तीन खोल्या आहेत,” गेर्दीन म्हणाली. “त्या बघून घ्या. बाथरूम बघायची गरज नाही. सगळ्यांच्या बाथरूमसारखीच आहे.”

“तेवढी मात्र बघतो, बाई,” वुब्बो म्हणाला. तो इतका उंच आहे की दारातून जाताना नमस्कार केल्यासारखा वाकतो. “सध्याच्या घरात मी गुडघे टेकून अंघोळ करतो. पाद्र्याला वाटतं मी भक्त आहे.”

“दार अडकलंय ते,” गेर्दीन म्हणाली.

“अडकलं असेल तर दुरुस्त करायला हवं,” सीब्रेन म्हणाला आणि त्यानेच दार ढकललं.

सारा शॉवरखाली बसली होती. चष्मा नाकावर, बोट ओठांवर चिकटवलेलं, मांडीत एक जाड पुस्तक आणि छातीवर पन्नास. आणि मग रेन्स्केचं जे काय इतका वेळ कोंडलेलं होतं ते सुटलं. ते हसू जिन्यावरून खाली गेलं, सिमेंटवर आपटलं, परत वर आलं, आणि अकरा नंबरात भिंतीवरून काहीतरी पडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

“माझं घड्याळ,” सीब्रेन म्हणाला.

मग त्याने डोळे बारीक केले. “पण ही कुणाची सारा? आपल्या चौकात पन्नाशीचं कोण आहे?”

मी छताकडे बघितलं. गेर्दीन भिंतीसारखी पांढरी पडली होती. तिच्या स्वेटरच्या बाहीला पेंढ्याची एक काडी अडकली होती, आणि ती काडी रेन्स्केनेही पाहिली. आयुष्यभर कचरा वेचलेली नजर ती. काडीवरून ती गेर्दीनच्या तोंडावर गेली आणि तिथेच थांबली. हसूही थांबलं.

“माझी,” रेन्स्के म्हणाली.

“काय?” वुब्बो म्हणाला.

“माझी सारा. आज माझी पन्नाशी. माझ्या बहिणी वात्रट आहेत हो, त्यांना कळलं मी इथे येणार म्हणून, आणून बसवली असणार मेल्यांनी.”

“कुलूपबंद घरात?” सीब्रेन म्हणाला.

गेर्दीनच्या आधी मीच म्हटलं, “सकाळी काही बायका आलेल्या मी पाहिल्या बाबा. हसत होत्या.” यात एक अक्षर खोटं नाही.

“किल्ली मीच दिली त्यांना,” गेर्दीन कशीबशी म्हणाली.

“पण आई, तू तर अडती...” मारिटने सुरुवात केली, तेवढ्यात वुब्बोने तिला उचलून खांद्यावर बसवलं आणि तिचं डोकं छताला लागलं. पोरगी कळवळली आणि विषय बदलला.

मग काय, अभिनंदनं. वाढदिवसाला आम्ही फक्त ज्याचा वाढदिवस त्याचंच अभिनंदन करत नाही, खोलीत असेल त्या प्रत्येकाचं करतो. सीब्रेनने वुब्बोचा हात हलवला, “बायकोच्या पन्नाशीबद्दल अभिनंदन,” आणि वुब्बो, वय वर्षं एक्केचाळीस, म्हणाला, “आभारी आहे, मलाही आत्ताच कळलं.” मुलींचं आईबद्दल अभिनंदन झालं. माझं शेजाऱ्यांच्या पाहुणीबद्दल झालं. रेन्स्केने गेर्दीनला जवळ घेऊन गालांवर तीन मुके दिले आणि तिसऱ्याला जरा वेळ लावला. “अभिनंदन हं,” ती हळूच म्हणाली. इतकं हळू तिला बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

कॉफीला गेर्दीनने बिस्किटांचा डबा उघडला. रीतीप्रमाणे एकेक दिलं. आणि झाकण लावायला विसरली. एल्झनहोफमध्ये असं कधी घडलेलं नाही; आम्ही सगळे त्या उघड्या डब्याकडे बघत होतो आणि हात घालायची कुणाची छाती होत नव्हती. शेवटी मारिटने घातला.

ते लोक गेले आणि आम्ही ठरवायला बसलो. बाकीच्या घरांतलीही आली. रेन्स्केचं काही खरं नाही असं मला वाटत होतं, पण सीब्रेनच आधी बोलला.

“माझं मत बदललंय,” तो म्हणाला. “पन्नाशीची आहे म्हणजे उतरणीला लागली. दोन-तीन वर्षांत आवाज बसेल. शिवाय त्या वयात माणूस समजूतदार होतो. मी झालो होतो.”

“कधी?” कुणीतरी विचारलं.

माना डोलायला लागल्या. जमलंच होतं की हो. फक्त कुणी तोंड उघडायचं नव्हतं. आणि गेर्दीन उभी राहिली.

“ती अडतीस वर्षांची आहे,” ती म्हणाली. “पन्नास मला झाली. ती बाहुली माझी. मी सकाळी ओढत नेऊन तिथे टाकली.”

“म्हणजे ती खोटं बोलली,” सीब्रेन म्हणाला.

“माझ्यासाठी बोलली. चार वर्षं मी जे तुमच्यापासून लपवलं, ते तिने एका मिनिटात आपल्या अंगावर घेतलं. आणि तेही घर मिळण्याच्या दिवशी, ज्या दिवशी माणूस आपल्या अंगावर पाण्याचा थेंब उडू देत नाही. मला तसा शेजार हवाय.” तिचा आवाज वाचनालयातला राहिला नव्हता. “प्रॉन्क चांगले आहेत. पण उद्या मी जिन्यावरून पडले तर ते इतक्या हळू दार वाजवतील की मी मरून जाईन.”

सीब्रेन बोटांवर मोजत होता. “अडतीस,” तो म्हणाला. “म्हणजे अजून चाळीस वर्षं हसणार.”

“तुला तेवढी ऐकायची नाहीत रे,” मी म्हटलं. “तू पंचाहत्तरचा आहेस.”

यावर अख्खी खोली हसली, आणि खिडकीही उघडी होती. शांतता शांतता म्हणणाऱ्या आमच्या चौकाने त्या दिवशी काय गोंगाट केला, विचारू नका. हात वर करायला सांगितलं तेव्हा सीब्रेनचा हात सगळ्यांत शेवटी गेला, आणि खांद्यापर्यंतच गेला. पण गेला.

गेर्दीनने तिथेच फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडे खालच्या दुकानातल्या तळणीचा चर्र आवाज येत होता.

“तर्पस्त्राबाई, घराबद्दल बोलायचं होतं.”

“थांबा, आधी माझं ऐका,” रेन्स्के घाईघाईने म्हणाली. “मी सांगायलाच फोन करणार होते. मी पन्नासची नाहीये हो. अडतीस. बहिणी वगैरे सगळं खोटं. वुब्बो म्हणतो घर गेलं तरी चालेल, पण नवीन घरात खोटं वय घेऊन नाही जायचं. तुमचं नाव मी कुठे काढणार नाही, शप्पथ. तेवढंच सांगायचं होतं.”

“काढलंय मी,” गेर्दीन म्हणाली. “पन्नास मला झाली आणि घर तुम्हाला झालं. किल्ली घ्यायला कधी येताय?”

पलीकडे रेन्स्के हाका मारत होती, वुब्बो, वुब्बो, अरे ते हातातलं राहू दे, इकडे ये. मागे मारिट ‘कुठलं घर, झोपाळ्याचं?’ असं विचारत होती. सीब्रेनने खुर्ची पुढे ओढली आणि फोनकडे वाकला.

“अकरा नंबरातून बोलतोय,” तो म्हणाला. “जिन्याला जाड गालिचा घाला. सर्वांत जाड मिळेल तो. मोजमाप मी उद्याच घेऊन ठेवतो.”