वनिताताईंचा हिरवा ठिपका

आमच्या खानदानात भुताच्या गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्नघरी पंगत उठली की पोरं घेरतात, अन् मी अशा रंगवून सांगतो की शेवटी मलाच बाथरूमपर्यंत सोबत लागते. (बायको हे सगळ्यांना सांगते.) पण विश्वास म्हणाल तर शून्य. सगळ्या गोष्टी माझ्याच डोक्यातून काढलेल्या. ही तशी नाही… काढायचीच असती तर मी स्वतःला जरा बऱ्या भूमिकेत घेतलं असतं.

नागपुरात धंतोलीला आमचं ऑफिस आहे. दवाखान्यांचे डॉक्टर जे बोलून रेकॉर्ड करतात ते ऐकून टाइप करायचं अन् डिस्चार्ज कार्ड तयार करायचं, हे काम. मी टीम लीडर. वय बावन्न, कॉम्प्युटरचं ज्ञान प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढण्याइतकं.

बऱ्याच बाया घरून काम करतात. त्यांच्यासाठी साहेबांनी एक सॉफ्टवेअर आणलं. माझ्या स्क्रीनवर प्रत्येकीच्या नावापुढे ठिपका. हात चालू असला की हिरवा, दहा मिनिटं थांबला की लाल. लाल झाला की मी फोन करायचा; उचलला नाही तर अर्धी सुट्टी कापायची. एवढं सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की लॅपटॉपचा कॅमेरा दर अर्ध्या तासाने त्यांचा फोटोही काढून माझ्या कॉम्प्युटरवर पाठवत होता.

"सांगू नका हो," साहेब म्हणाले, "लोक कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवतात मग."

मी मान हलवली. मान हलवण्यात माझा कोणी हात धरू शकत नाही.

वनिताताई खापरखेड्याच्या कॉलनीतून काम करायच्या. नवरा वीज केंद्रात, मुलगी केतकी नागपुरात कॉलेजला. दिवसभर घरी एकट्या. मी फोन केला की आधी हसायच्या.

"काय भाऊ, झाली का मी लाल? कुकर उतरवून राहिली होती."

"रोजच कुकर कसा काय हो ताई?"

"मंग काय, तुमच्या डोळ्यासमोर शिजवू का वरण?"

यावर मला हसू आलं नाही, पण हसलो. अन् पाप फेडल्यासारखी त्यांना एक युक्ती सांगितली. "माऊस मनगटी घड्याळावर ठेवत जा. सेकंदकाटा फिरते, माऊसले वाटते कोणी हलवून राहिलं." ऑफिसातही अर्धे जण हेच करायचे. माझेही फोन वाचायचे.

त्या मंगळवारी सव्वाअकराला मी तर्री-पोह्याची प्लेट घेऊन बसलो अन् वनिताताईंचा ठिपका लाल झाला. प्लेट ठेवली. मोबाईल घेतला, त्यांचं नाव काढलं, बोट टेकवणार… तेवढ्यात हिरवा. उतरला कुकर, म्हटलं. पोहे खाल्ले.

एक वाजता चॅटवर सहज विचारलं, "जेवल्या का?"

उत्तर आलं, "काम करून राहिली भाऊ."

सहापर्यंत ठिपका हिरवा होता. सातला त्यांच्या नवऱ्याचा फोन आला. केतकी घरी पोचली तेव्हा आई टेबलावर डोकं ठेवून गार पडलेली.

मेंदूत रक्तस्राव. डॉक्टर म्हणाले, अकराच्या आसपास झाला असेल, पण लगेच गेल्या नाहीत. दोनेक तास जीव होता. वेळेत आणलं असतं तर… असं डॉक्टर रेकॉर्डिंगमध्येही बोलून जातात. ते कार्डात टाइप करायचं नसतं.

मला एकच दिसत होतं — घड्याळ. माझ्या युक्तीने बाईचा जीव घेतला.

बुधवारी सकाळी सॉफ्टवेअरचा मेल आपोआप सगळ्यांना गेला. 'काल कामात सर्वात कमी खंड: वनिता.' सोबत टाळ्या वाजवणारे हात. मी दार लावून घेतलं अन् पहिल्यांदाच तिचे फोटो उघडले.

अकराचा: चहाचा कप, हसरा चेहरा. साडेअकराचा: डोकं टेबलावर, माऊस वायरने टेबलाच्या कडेवरून लोंबकळतोय. घड्याळ तिच्या मनगटावरच होतं. खरं सांगतो, मला आधी हायसं वाटलं. माझी युक्ती नव्हती!

बाराचा: मान वळलेली, डोळे उघडे, सरळ कॅमेऱ्याकडे. साडेबाराचा: ओठ उघडे. कोणाला तरी हाक मारत असावी. एकचा: डोळे तसेच उघडे, दोन्ही हात खाली लटकलेले. माझ्या प्रश्नाला उत्तर आलं होतं एक वाजून दोन मिनिटांनी.

"सर्व्हर अटकला असेल, सर," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "जुनाच ठिपका दिसला तुम्हाले."

"अन् उत्तर कोणी टाइप केलं गा?"

तो वायरी तपासू लागला. साहेब म्हणाले, "फोटो बाहेर गेले तर दुकान बंद होईल. काढून टाका." मी काढून टाकले. एकेक करून, कारण सगळे एकदम कसे काढायचे ते मला येत नव्हतं.

ते उत्तर कोणी दिलं, ठिपका हिरवा करून फोन करणारा माझा हात नेमका त्या क्षणी कोणी अडवला, मला आजही कळलेलं नाही. तिची भाषा होती, तिचं 'भाऊ' होतं. पण वाचवायला नव्हतं ते. कोणीही येऊ नये म्हणून होतं. असं कोण करतं, अन् का? इथे वाचणाऱ्यांपैकी कोणाला ठाऊक असेल तर सांगा.

पण लिहितोय त्याचं कारण वेगळं आहे. तेराव्यानंतर केतकी लॅपटॉप परत द्यायला ऑफिसात आली होती.

"काका, तुम्ही तर दिवसभर पाहत राहता ना? आई दिसली नाही का तुम्हाले?"

"नाही वं बेटा. आम्हाले फक्त ठिपका दिसते."

"बरं झालं," ती म्हणाली. "कोणाले दिसत असून कोणी आलं नाही, असं असतं तर मी जगलीच नसती." अन् वाकून माझ्या पाया पडली.

केतकी अशा गोष्टी वाचते, असं वनिताताई सांगायच्या. वाचत असशील तर… दिसत होती बेटा. दर अर्ध्या तासाने दिसत होती. मी उघडून पाहिलं नाही.