आधी खोड सांगा

घोडेबाजारात मालक आपल्याच जनावराचे गोडवे गातो, ही जगाची रीत. आमच्यातल्या वडीलधाऱ्या तात्यांनी ती मोडली. सांगवी आणि लोणी भापकरच्या आम्हा नऊ घरांचे घोडे ते एकाच रांगेत बांधत आणि प्रत्येक मालकाला दुसऱ्याच्या घोड्याशेजारी उभे करत. "आपल्या घोड्याचं आपुन बोलायचं न्हाय. आन् दुसऱ्याचं बोलताना आदी खोड सांगायची, मग गुण," असा त्यांचा दंडक.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. त्याआधी आम्ही बाजारात चार दिशांना उभे असायचो. दलाल याच्याकडे त्याची, त्याच्याकडे याची चहाडी करत आणि दिवस कलला की पडेल भावात जनावरे नेत. तात्यांच्या घरी पूर्वी मेंढरे होती. बिऱ्हाड वाहणाऱ्या घोड्यांबरोबर ते वाढलेले. त्यांनीच दारोदार फिरून आम्हाला गोळा केले.

मला लांब, इंदापूरजवळच्या लोणी देवकरच्या कारखान्यात नोकरी लागली. माझा घोडा पाखऱ्या सांभाळायला घरी कुणी उरले नाही. त्याला चांगल्या हातात देणे भाग होते. बाजारात त्याच्याशेजारी नेमके तात्या उभे. इंदापूरकडचा एक फेटेवाला वरातीसाठी घोडा शोधत होता. त्याने पाखऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला, दात पाहिले आणि खूश झाला. माझा जीव भांड्यात पडतोय तोच तात्या म्हणाले, "पावणं, ह्यो बँडला बुजतो. नवरदेव खाली पाडंल."

फेटेवाला गेला. माझे डोके फिरले.

"तात्या, ते सांगायची काय गरज होती?"

"न सांगता दिला असता, आन् भर वरातीत बुजला असता, तर चाबूक कुणी खाल्ला असता लेका? तू?"

मी पाखऱ्याला घेऊन तडक घरची वाट धरली. पुढचा बाजार येईपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही.

पुढच्या बाजारी तोच फेटेवाला मेव्हण्याला घेऊन थेट आमच्या रांगेत आला. मेव्हण्याला मळ्यात फिरायला घोडा हवा होता. "खोड सांगणारं आबा कुठं हायत? त्यांनाच इचारून घ्यायचा," तो म्हणाला. पाखऱ्या मेव्हण्याबरोबर गेला. ते बघून आणखी गिऱ्हाईक वळले आणि सूर्य मावळायच्या आत आमच्या रांगेत नुसत्या मेखा राहिल्या. पाखऱ्याच्या आठवणीने मी डोळे पुसत होतो. तात्या एखादा बरा शब्द बोलतील असे वाटले. ते म्हणाले, "बाजारात येताना दाढी करत जा."

चार-पाच वर्षांनी तात्या गेले. दहाव्याला मंडळी देवळापुढे बसली. जो तो त्यांचे गुण सांगत होता. माझी पाळी आली, तेव्हा मी म्हणालो, "तात्यांचाच नियम आहे, आधी खोड सांगतो. तात्यांनी कुणाचं तोंडावर कधी कौतुक केलं नाही."

माणसे हसली. बायकांमधून काकूंचा, तात्यांच्या मालकिणीचा, आवाज आला. "व्हय. तोंडावर न्हाय करायचं. पर बाजारातनं आलं की जेवताना तुमच्याबिगर दुसरा इषय नसायचा. त्या पाखऱ्याच्या येळंला ह्ये मला म्हणलं, पोरगं रडलं, म्हंजी घोडा मायेनं वाढीवला हाय."

आता मला गुण सांगायचे होते. सांगण्यासारखे पुष्कळ होते. पण मी डोळे पुसतच खाली बसलो.